शेळ्यांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह : जंतू सापडायला लागली शंभर वर्षं

कळपातली एक शेळी मान पुढं ताणून धापा टाकायला लागते, खोकते, चारा सोडते. आठवडाभरात आणखी पाच-सहा तशाच होतात. बहुतेक ठिकाणी "न्यूमोनिया झालाय" म्हणून इंजेक्शन दिलं जातं आणि विषय तिथंच संपतो. पण न्यूमोनिया म्हणजे नुसती फुफ्फुसाची सूज. ती आणणारे जंतू वेगवेगळे असतात. पीपीआरचा विषाणू असेल, पाश्चुरेला असेल किंवा मायकोप्लाझ्मा असेल. या तिसऱ्यामुळं होणाऱ्या रोगाला पशुवैद्यक सीसीपीपी, म्हणजे शेळ्यांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह म्हणतात. पूर्वी कधीच न लागलेल्या कळपात तो शिरला, तर जवळपास सगळ्या शेळ्या आजारी पडू शकतात आणि ऐंशी टक्क्यांपर्यंत दगावू शकतात.

मायकोप्लाझ्मा हा जीवाणूच, पण त्याला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलीन नेमकं ती भिंत बांधण्याचं काम बंद पाडतं. इथं भिंतच नाही, त्यामुळं पेनिसिलीन कितीही टोचलं तरी फरक पडत नाही. टेट्रासायक्लिन, टायलोसिन अशी औषधं चालतात, तीही सुरुवातीलाच दिली तर.

या जंतूंची ओळख आधी गुरांमुळं झाली. गुरांचा सांसर्गिक फुफ्फुसदाह एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरला होता. बेल्जियममध्ये विलेम्स नावाच्या डॉक्टरानं १८५२ मध्ये आजारी जनावराच्या फुफ्फुसातला द्राव निरोगी गुरांच्या शेपटीच्या टोकाला टोचायची पद्धत मांडली. काहींच्या शेपट्या सडल्या, पण पुष्कळ गुरं वाचली. जंतू मात्र १८९८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नोकार आणि रू यांनी वाढवून दाखवला. गंमत अशी, की तोवर अमेरिकेनं (१८९२) हा रोग घालवलासुद्धा होता. आजारी जनावरं मारणं आणि बाकीच्यांची ये-जा रोखणं, एवढ्यावरच.

शेळ्यांचं कोडं सुटायला जास्त वेळ लागला. अल्जीरियात १८७३ मध्ये या रोगाची पहिली नोंद झाली. १८८१ मध्ये तुर्कस्तानातून आणलेल्या अंगोरा शेळ्यांबरोबर तो दक्षिण आफ्रिकेत केप वसाहतीत पोचला. तिथल्या हचन या पशुवैद्यानं रोग एकीकडून दुसरीकडं लागतो हे दाखवलं, आणि कत्तल व टोचणी करून तो संपवलाही. तरी खरा जंतू कोणालाच दिसला नव्हता. पुढं कित्येक दशकं दोष दिला गेला तो गुरांच्या जंतूच्या एका जवळच्या भावाला, कारण तो आजारी शेळ्यांत सापडायचा आणि प्रयोगशाळेत पटकन वाढायचा. शेवटी १९७६ मध्ये केनियात मॅकओवन आणि मिनेट यांनी वेगळाच, फार नखरेल जंतू वाढवला. त्याला एफ-३८ म्हटलं गेलं. त्याचं आजचं शास्त्रीय नाव, मायकोप्लाझ्मा कॅप्रिकोलम उपजात कॅप्रिन्युमोनी, १९९३ मध्ये ठरलं.

नखरेल म्हणायचं कारण साधं आहे. त्याला खास खाद्य आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा लागते. हाफ-फ्राय अंड्यासारख्या दिसणाऱ्या बारीक वसाहती दिसायला आठवडा, कधी दोन आठवडे जातात. तोवर नमुन्यातले दुसरे मायकोप्लाझ्मा पुढं निघून गेलेले असतात. नव्वदच्या दशकात पीसीआर आली तेव्हा कुठं जंतू न वाढवता निदान करता येऊ लागलं. मग तो नव्या नव्या ठिकाणी दिसू लागला. तिबेटमध्ये २०१२ साली दोन हजारांवर चिरू हरणं मेली, त्यामागंही हाच निघाला. म्हणजे हा रोग फक्त पाळीव शेळ्यांचा नाही.

लस आहे. केनियात एफ-३८ मारून, सॅपोनिन मिसळून ती तयार झाली आणि वर्षभर संरक्षण देते असं दिसलं.

मेंढ्यांना सीसीपीपीचा त्रास सहसा होत नाही. त्यांचं दुखणं वेगळं. मायकोप्लाझ्मा अगॅलॅक्टीमुळं मेंढी-शेळीची कास सुजते, दूध आटतं, सांधे धरतात, डोळे लाल होतात. इटलीत १८१६ पासून याची नोंद आहे.

भारताला २००७ मध्ये गुरांच्या फुफ्फुसदाहापासून मुक्त देश म्हणून जागतिक मान्यता मिळाली. शेळ्यांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. शेळी दोरीला धरून बाजारात येते, टेम्पोतून राज्याची हद्द ओलांडते, आणि जंतू श्वासातून, अगदी जवळून लागतो. रोग अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण सहा ते दहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून बाजारातून आणलेलं जनावर तीन-चार आठवडे कळपापासून बाजूला बांधावं. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांबाबतचा २००९ चा केंद्रीय कायदा हद्दीच्या अलीकडं-पलीकडं सारखाच लागू आहे. यादीतल्या रोगाची शंका आली तर मालकानं गावातल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, आणि आजारी जनावर वेगळं ठेवायचं.

शेळी मेलीच तर पुरण्याआधी डॉक्टरांना बोलवा. या रोगात बहुधा एकाच बाजूचं फुफ्फुस यकृतासारखं घट्ट झालेलं असतं आणि छातीत गवती पिवळं पाणी साचतं. ते पाणी, आणि फुफ्फुसाचा चांगल्या-खराब भागांच्या सीमेवरचा तुकडा, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जायला हवा. अँटिबायोटिक दिलेल्या जनावरात जंतू वाढवणं अवघड जातं, त्यामुळं शक्यतो औषध न दिलेल्या आजारी शेळीचाही नमुना घ्यायला सांगा. माणसाला हा रोग होत नाही.