व्हिनिलसायक्लोहेक्झीन डायएपॉक्साइड

प्रयोगशाळेतील मादी उंदरांच्या अंडाशयातील सर्वांत लहान पुटकांचा निवडक नाश करणारे कार्बनी संयुग.

उत्पत्ती : रबर-उद्योगात ब्युटाडाइनाच्या दोन रेणूंच्या संयोगाने ४-व्हिनिलसायक्लोहेक्झीन हे उपउत्पादन निर्माण होते. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने त्याच्या प्राण्यांवर चाचण्या घेतल्या असता, माउस जातीच्या उंदरांत अंडाशयाची हानी दृष्टोत्पत्तीस आली. रॅट जातीत मूळ संयुगाचे डायएपॉक्साइडात रूपांतर अत्यल्प होत असल्यामुळे ती त्यापासून बचावते. तयार डायएपॉक्साइड दिल्यास मात्र दोन्ही जाती बाधित होतात.

वैशिष्ट्ये : शरीरभाराच्या दर किलोग्रॅमास रॅटला ८० व माउसला १६० मिग्रॅ. अशी दैनिक मात्रा सामान्यतः १५ दिवस उदरपोकळीत टोचली असता, आदिपुटके व प्राथमिक पुटके यांच्या नैसर्गिक ऱ्हासाची प्रक्रिया शीघ्र होऊन ती नियोजित कोशिकामृत्यूने नष्ट होतात [→ कोशिका, पुटक]. मोठी पुटके आरंभी शाबूत राहतात, सबब मदचक्र काही काळ चालू असते. परंतु संपलेला साठा पुन्हा भरून निघत नसल्यामुळे पुढे पुटक-उद्दीपक हॉर्मोनाची रक्तातील पातळी चढते, चक्रे अनियमित होतात आणि अखेरीस कायमची थांबतात [→ मदचक्र].

महत्त्व : अंडाशय काढून टाकलेल्या प्राण्यापेक्षा, ज्याचा अंडाशय जागेवर राहून क्रमाक्रमाने निकामी होतो व पौरुषजन हॉर्मोने निर्माण करीत राहतो असा हा प्राणी मानवी ऋतुनिवृत्तीशी अधिक जुळत असल्याने, अस्थिक्षय व हृद्‌रोग यांच्या संशोधनात त्याचा उपयोग करतात [→ ऋतुनिवृत्ती, विषविज्ञान].