दुष्काळांतील आशा

पंडिता रमाबाईंनीं दुष्काळ स्वतः भोगला होता. १८७४-७५ च्या सुमारास आईबाप व थोरली बहीण त्यानेंच हिरावलीं. १८८२ सालीं पतीहि निवर्तले. पुढल्याच वर्षीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

या श्रद्धेची कसोटी १८९६-९७ सालीं लागली. मध्यप्रांतांत दुष्काळ पडतांच त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें ३०० निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें ‘मुक्तिसदन’ उभें राहिलें. तेथें प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम व छापखानाहि चाले. १९२१ त एकुलती कन्या मनोरमा वारली. तरीहि १९२२ त देह ठेवण्यापूर्वीं त्यांनीं बायबलचें मराठी भाषांतर पुरें केलें.

दुष्काळानें ज्यांना पोरकें केलें, त्याच बाई दुष्काळांतल्या पोरक्या मुलींची आई झाल्या.