ऑसिलोस्कोपद्वारे स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमधील दोषशोधन

ऑसिलोस्कोपद्वारे दोषशोधन ही स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या एका वाहिनीतील (चॅनेलमधील) ध्वनिविकृतीचे मूळ शोधण्याची रीत आहे. डाव्या व उजव्या वाहिन्यांपैकी एकीचा आवाज फाटका, चिरका किंवा घोगरा येऊ लागल्यास दोन्ही वाहिन्यांना एकच संकेत दिला जातो आणि तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकताना कोठे बिघडतो, हे पडद्यावर पाहिले जाते. स्टिरिओ यंत्रात दोन्ही वाहिन्यांची रचना सारखीच असल्यामुळे निर्दोष वाहिनी हाच सदोष वाहिनीचा नकाशा ठरतो. मंडलाकृती उपलब्ध नसली तरी बहुतेक वेळा काम अडत नाही, ते याच कारणाने.

पार्श्वभूमी

ऑसिलोस्कोपला मराठीत दोलनदर्शक असा प्रतिशब्द आहे. त्याचा पाया असलेली ऋण किरण नलिका जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केली. स्टिरिओ ध्वनीची मूळ कल्पना इंग्रज अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ च्या पेटंट अर्जात मांडली. विजेचा दाब काळानुसार कसा बदलतो याचा आलेख ऑसिलोस्कोप काढतो. मल्टिमीटर दाबाचा केवळ आकडा सांगतो. तरंगाचा माथा सपाट झाला आहे की त्याच्या कमरेला मुरड पडली आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. विकृती हा मुळात आकाराचा दोष आहे, म्हणून तो पाहण्यासाठी आकार दाखविणारे उपकरण लागते.

झाकण उघडण्यापूर्वी

ऑसिलोस्कोप हाती घेण्यापूर्वी करावयाची एक सोपी परीक्षा अनेक जण विसरतात. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागील डाव्या-उजव्या संकेत-तारांची अदलाबदल करावी. फाटका आवाज बाजू बदलून दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष तारेत किंवा संकेत पुरविणाऱ्या यंत्रात आहे. तसे न घडल्यास यंत्र पुन्हा बंद करून स्पीकरची अदलाबदल करावी. दोष स्पीकरबरोबर गेला तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे. स्पीकरच्या वेटोळ्यात अडकलेला कचरा किंवा फाटलेला कागदी शंकू यांपायी चांगले यंत्र उघडून त्यातील सुटे भाग बदलले जाण्याची उदाहरणे थोडी नाहीत.

जोडणी

स्पीकर काढून त्यांच्या जागी दोन्ही वाहिन्यांवर ८ ओहम रोधाचे, पुरेशा वॅटचे तारगुंडाळी रेझिस्टर लावतात. यास कृत्रिम भार म्हणतात. त्यामुळे तासन्‌तास कर्कश सूर ऐकावा लागत नाही आणि स्पीकरही जळत नाही. दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. निर्गम ट्रान्झिस्टर आरपार जोडला गेल्यास पुरवठ्याचा संपूर्ण एकदिश दाब स्पीकरवर येतो. ३५ व्होल्ट दाब आणि ६ ओहम रोधाचे वेटोळे असेल, तर सुमारे २०० वॅट उष्णता निर्माण होते आणि काही क्षणांत वेटोळे जळते.

संकेत म्हणून १ किलोहर्ट्‌झचा शुद्ध ज्या-तरंग वापरतात. संकेतजनित्र नसल्यास मोबाइलमधील सूर निर्माण करणारे अ‍ॅपही चालते. मात्र एकच संकेत दुहेरी तारेने दोन्ही वाहिन्यांना दिला पाहिजे. या तरंगाचे एक आवर्तन १ मिलिसेकंदाचे असते. म्हणून काळाची कळ प्रतिभाग ०.२ मिलिसेकंदावर ठेवली, की दहा भागांच्या पडद्यावर नेमकी दोन आवर्तने दिसतात. आवाजाची कळ प्रथम अगदी खाली ठेवावी.

ऑसिलोस्कोपच्या प्रोबवरील काळा चिमटा यंत्राच्या आतून थेट घरातील अर्थिंगला जोडलेला असतो. हा चिमटा अ‍ॅम्प्लिफायरच्या शून्य तारेवरच लावावयाचा असतो. येथेच मोठी चूक घडते. भारतात स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर पट्ट्यांमध्ये एलए४४४० ही आयसी फार वापरली जाते. ती दोन वाहिन्यांची असली तरी पुष्कळ पट्ट्यांत तिच्या दोन्ही वाहिन्या जोडून एकच मोठी वाहिनी केलेली असते. अशा ब्रिज जोडणीत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर संकेत असतो, शून्य कोठेच नसते. तेथे काळा चिमटा लावला, की निर्गम अर्थिंगशी जुळून आयसी जाऊ शकते. अशा वेळी दोन प्रोब दोन टोकांवर लावून ऑसिलोस्कोपवर त्यांची वजाबाकी पाहावी. ही अडचण टाळण्यासाठी ऑसिलोस्कोपच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याची प्रथा काही दुकानांत दिसते. ती जिवावर बेतू शकते. ज्या यंत्रांत रोहित्राऐवजी स्विचिंग पुरवठा आहे, तेथे प्राथमिक बाजूच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात. त्या बाजूला प्रोब नेऊच नये.

संकेताचा मागोवा

पहिले मापन निर्गमावर करतात आणि तेथे विकृती दिसत असल्याची खात्री करून घेतात. दुसरे मापन साधारण मध्यावर, म्हणजे आवाजाच्या कळीच्या मधल्या टोकावर करतात. तेथे दोन्ही वाहिन्यांचे तरंग एकसारखे असतील तर दोष पुढील शक्ति-विभागात आहे. तेथेच फरक दिसला तर स्वर-नियंत्रण किंवा पूर्व-विभागात आहे. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन हिस्से करावेत. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो आणि मागे जायचे की पुढे हे ठरवितो, तसेच हे आहे. सोळा टप्प्यांच्या मंडलात चार-पाच मापनांत जागा सापडते.

जुन्या यंत्रांत एक जागा आधीच पाहून घ्यावी: स्पीकरच्या अलीकडील संरक्षक रिले. तिचे संपर्क काळवंडले, की हळू आवाजात एक वाहिनी फाटते किंवा बुडते आणि आवाज वाढविला की अचानक नीट होते. रिलेच्या अलीकडे तरंग स्वच्छ व पलीकडे मोडका दिसला, तर शोध तेथेच संपतो. निवड-स्विचच्या संपर्कांचीही हीच गत.

तरंगाचे वाचन

तरंगाचे दोन्ही माथे सपाट कापले गेले असतील, तर त्यास क्लिपिंग म्हणतात. आवाज फार वाढविल्यावर हे कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होते. मात्र सारख्याच आवाजावर एकाच वाहिनीत झाले, तर त्या वाहिनीला मिळणारा पुरवठा तपासावा. माथा सपाट झाला, की मूळ १ किलोहर्ट्‌झ सुराबरोबर ३, ५, ७ किलोहर्ट्‌झचे आगंतुक सूर मिसळतात. कानाला जाणवणारा चिरकेपणा तो हाच.

एकच माथा कापला जाणे अधिक बोलके असते. उदाहरणार्थ, ४० व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावरील यंत्रात निर्गम कपॅसिटरच्या अलीकडील मध्यबिंदू २० व्होल्टवर असावयास हवा. चांगल्या वाहिनीत तो २० आणि बिघडलेल्या वाहिनीत ११ निघाला, तर तरंगाला खाली जाण्यास ११ व्होल्टच जागा उरते आणि त्याचे तळ सपाट होतात. कारण पुष्कळदा आगम कपॅसिटरची गळती असते. त्या गळतीमुळे आवाजाच्या कळीवरही एकदिश दाब येतो व ती फिरविताना खरखर ऐकू येते. कळ बदलूनही खरखर थांबत नाही तेव्हा या कपॅसिटरचा संशय घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश सेल्सिअस तापमानवाढीस साधारण निम्मे होते. ज्या विदर्भात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे बंद पेटीतील या भागांकडे प्रथम पाहणे शहाणपणाचे.

तरंग शून्यरेषा ओलांडताना तेथे लहानशी पायरी दिसली, तर ती क्रॉसओव्हर विकृती होय. वरचा व खालचा अर्धा भाग हाताळणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांना विश्रामावस्थेत जो थोडा प्रवाह मिळावयास हवा, तो मिळत नसतो. बायस प्रिसेटचा संपर्क बिघडणे हे नेहमीचे कारण. हा दोष हळू आवाजात अधिक बोचतो, कारण लहान तरंगाच्या मानाने पायरी मोठी असते.

रेषा एखाद्या जागी जाड, केसाळ दिसली तर अ‍ॅम्प्लिफायर अतिउच्च वारंवारतेवर स्वतःच आंदोलित होत आहे असे समजावे. निर्गमावरील साधारण १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडची जोडी तुटलेली नाही ना, ते पाहावे. तरंगाबरोबर १०० हर्ट्‌झची लाट वर-खाली होत असेल तर ती पुरवठ्यातून येते. पुरवठा सामाईक असताना ती एकाच वाहिनीत असेल, तर त्या वाहिनीच्या शून्य तारेचा टाका सुटलेला असण्याचा संभव अधिक.

फीडबॅकची अडचण

शक्ति-विभागात निर्गमाचा काही अंश मागे आगमाकडे नेलेला असतो. या ऋण फीडबॅकमुळे विकृती कमी होते, पण दोषशोधकाची मात्र फसगत होते. शेवटच्या टप्प्यातील दोष भरून काढण्यासाठी आधीचे टप्पे मुद्दाम उलट आकाराचा तरंग तयार करतात. त्यामुळे निर्दोष ट्रान्झिस्टरवरही वेडावाकडा तरंग दिसतो आणि नवशिके दुरुस्तीकार तोच काढून फेकतात.

यातून वाट काढण्यासाठी चालक ट्रान्झिस्टरच्या बेसवरील तरंग निर्गमाच्या तरंगाशी ताडून पाहावा. निर्गमातील वरचा अर्धा भाग नाहीसा आहे, पण बेसवर त्याच वेळी तरंग उसळी घेऊन पुरवठ्याच्या टोकाला भिडतो आहे, असे दिसले तर मागचे टप्पे धडपडत आहेत आणि पुढचा ट्रान्झिस्टर किंवा त्याचा एमिटर रेझिस्टर तुटलेला आहे. बेसवरही वरचा भाग नसेल, तर दोष मागे आहे. पुढची उकल मग मल्टिमीटरवर सोपवावी: चालू स्थितीतील सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळावेत, आणि प्रत्येक आकडा दुसऱ्या वाहिनीतील त्याच जागेच्या आकड्याशी जुळावा.

क्ष-य रीत

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झ्यूल लिसाझू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकृतींचा येथे सुरेख उपयोग होतो. चांगली वाहिनी आडव्या अक्षावर व सदोष वाहिनी उभ्या अक्षावर जोडल्यास, दोन्ही समान असताना पडद्यावर एक तिरपी सरळ रेषा उमटते. सदोष वाहिनीचा वरचा माथा कापला जात असेल तर रेषेचे वरचे टोक आडवे वळते. क्रॉसओव्हर विकृतीत रेषेच्या मध्याशी आडवी पायरी पडते. रेषा फुगून लंबवर्तुळ झाल्यास दोन वाहिन्यांत कलाभेद आहे. वेगवेगळ्या पाहिलेल्या दोन तरंगांत न जाणवणारा किंचित फरकही या रेषेत दिसून येतो. एरवी दोन-तीन टक्क्यांहून कमी विकृती नुसत्या डोळ्यांना ओळखता येत नाही. त्यासाठी विकृतिमापक लागतो.

महाराष्ट्रातील स्थिती

ठाण्यातील अ‍ॅपलॅब कंपनीने ऑसिलोस्कोपचे उत्पादन केले आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतनांतून हे उपकरण विद्यार्थ्यांना हाताळावयास मिळते. सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याची बुधवार पेठ प्रसिद्ध आहेत. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे यांसारख्या गावांत मात्र भजनी मंडळाचा किंवा शाळेचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला, की दुरुस्ती मल्टिमीटर, सोल्डरची कावी आणि अनुभव यांवरच चालते. संशयित भाग एकामागून एक बदलण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली. तिच्यात भागांचा खर्च तर होतोच, शिवाय वारंवारच्या टाक्यांनी पट्टीवरील तांब्याच्या वाटा उखडतात आणि मूळच्या एका दोषाचे तीन होतात.

डीएसओ१३८ सारख्या स्वस्त जोडणी-संचांनी हे चित्र बदलण्याजोगे झाले आहे. त्याची मर्यादा सुमारे २०० किलोहर्ट्‌झ आहे, आणि ऐकू येणारा ध्वनी २० किलोहर्ट्‌झपर्यंतच असल्याने वर दिलेली बहुतेक तपासणी त्यावर होते. प्रोब एकच असल्यामुळे दोन वाहिन्या आळीपाळीने पाहाव्या लागतात आणि क्ष-य रीत वापरता येत नाही. मेगाहर्ट्‌झमधील आंदोलनही त्यावर दिसत नाही. त्यासाठी २० मेगाहर्ट्‌झचा दुहेरी ऑसिलोस्कोप हवा.

दुरुस्तीनंतर

निर्गम ट्रान्झिस्टर जोडीनेच बदलावेत. २एन३०५५ सारख्या लोकप्रिय क्रमांकाचे बनावट ट्रान्झिस्टर बाजारात येतात, म्हणून खात्रीच्या दुकानातून घ्यावेत. अभ्रकाची चकती व उष्णतावाहक लेप विसरू नये. प्रथम यंत्र सिरीज बोर्डवर, म्हणजे १०० वॅटच्या तंतूच्या दिव्याशी एकसर जोडून, चालू करावे. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट शिल्लक आहे. त्यानंतर बायस चांगल्या वाहिनीइतका करावा: ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर ५.५ मिलिव्होल्ट मिळाल्यास विश्राम-प्रवाह २५ मिलिअँपिअर होतो. यंत्र अर्धा तास तापू देऊन हे मापन पुन्हा घ्यावे. दुहेरी पुरवठ्याच्या यंत्रात निर्गमावरील एकदिश दाब काही दशक मिलिव्होल्टांच्या आत असल्याचे पाहूनच स्पीकर परत जोडावेत.