शालजोडीतले कौतुक आणि मालगुंडचे केशवसुत

एखाद्याची थोरवी गाता गाता त्याच वाक्यात त्याचे उणे दाखवून द्यायचे आणि तरीही बोलणाऱ्याने काही वावगे म्हटले असे कोणाला सिद्ध करता येऊ नये, अशी बोलण्याची रीत मराठी समाजात फार जुनी असून तिला रोजच्या व्यवहारात ‘शालजोडीतले देणे’ असे म्हणतात. पेशवाईत सन्मान म्हणून शालजोडी, म्हणजे शालींची जोडी, देण्याचा प्रघात होता, आणि त्या मानाच्या वस्त्रात पायातला जोडा गुंडाळून मारावा, ही या वाक्प्रचारामागील कल्पना आहे. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ हा प्रकार याहून निराळा. तेथे स्तुतीने फुगलेल्या माणसाला आपली फजिती कळू नये अशी योजना असते, तर शालजोडीतला फटका ज्याला मारायचा त्याला तो लागलाच पाहिजे, शेजारच्या दोघा-चौघांना तो दिसलाही पाहिजे, मात्र त्याची दाद मागण्याची सोय कोठेच राहता कामा नये. त्यामुळे असे कौतुक घ्यावे कसे, हा प्रश्न नेहमी ऐकणाऱ्याच्या पदरात पडतो.

संस्कृत साहित्यशास्त्राने या रीतीची दखल सूक्ष्मपणे घेतली आहे. दण्डीच्या मते निंदा करीत आहोत असे भासवून स्तुती करणे म्हणजे व्याजस्तुती. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ही व्याख्या दोन्ही अंगांनी मोकळी केली आणि वरकरणी स्तुती असून आतून निंदा निघते त्या उक्तीलाही तेच नाव दिले. याच ग्रंथात ध्वनीचे, म्हणजे शब्दांच्या उघड अर्थापलीकडून उमटणाऱ्या अर्थाचे, विवेचन करताना मम्मटाने एक श्लोक दिला आहे. त्यात अपकार झालेला मनुष्य अपकार करणाऱ्यालाच उद्देशून म्हणतो की, आपण माझ्यावर केवढे उपकार केलेत, किती सौजन्य दाखवलेत, असेच वागत राहा आणि शंभर वर्षे सुखाने जगा. श्लोकात एकही कठोर शब्द नाही आणि खरा अर्थ कळण्यासाठी त्या दोघांमध्ये पूर्वी काय घडले हे ठाऊक असावे लागते, म्हणजे टोमण्याचा निम्मा भाग बोलणाऱ्याच्या तोंडात आणि निम्मा ऐकणाऱ्याच्या आठवणीत असतो. पुढे सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंदा’त व्याजनिंदेला स्वतंत्र अलंकाराचा दर्जा दिला. अलंकारशास्त्र असे बोलावे कसे ते सांगते. ऐकून घ्यावे कसे याविषयी ते मूक आहे. त्यासाठी गीतेच्या बाराव्या अध्यायातील निंदा आणि स्तुती समान मानणाऱ्या भक्ताकडे बोट दाखवले जाई, परंतु हा आदर्श सिद्धपुरुषांचा होता आणि पंगतीत शेजारी बसलेल्या व्याह्याच्या बोलण्यावर त्याचा फारसा उपयोग झाला असेल असे वाटत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात ही रीत विशेष मुरली आणि ‘खवचट’ हे विशेषण कोकणी माणसाला जवळजवळ आडनावासारखे चिकटले. याचे कारण हवापाण्यात शोधण्यापेक्षा तेथील जमीनव्यवहारात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. खोत, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा राहून गावचा सारा वसूल करणारा वतनदार, हा १९४९च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत गावगाड्याच्या केंद्रस्थानी होता. वाडीवाडीने विखुरलेली मोजकी घरे, एकाच पाटाचे पाणी, देवळातील मानपान आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाऊबंदकी अशा स्थितीत उघड भांडण कोणालाच परवडणारे नव्हते. ज्याच्याशी आज बिनसले त्याच्याच पायरीवर उद्या कामासाठी उभे राहावे लागे. अशा गावात तिरकस स्तुती हीच नाराजी व्यक्त करण्याची सुरक्षित वाट उरते. पु. ल. देशपांडे यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’ (१९६२) या पुस्तकातील रत्नागिरीच्या अंतू बर्व्याच्या रूपाने या बोलण्याला साऱ्या महाराष्ट्रात लौकिक मिळवून दिला. त्या लौकिकाचा एक तोटाही झाला: वाचक हसण्यात रमला आणि त्या तिरकसपणामागचे दारिद्र्य व एकटेपण, जे लेखकाने पुरेसे स्पष्ट दाखवले होते, ते मागे पडले.

गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंड या गावी १८६६ साली कृष्णाजी केशव दामले, म्हणजे कवी केशवसुत, यांचा जन्म झाला, तो याच खोतीच्या मुलखात. वडील केशव विठ्ठल दामले तेथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पुढे ते दापोलीजवळच्या वळणे गावी विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्या खोतीचे काम पाहू लागले आणि मालगुंड मुलाच्या पदरी स्मृतिरूपानेच उरले. नंतरचे आयुष्य खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे, मुंबई, भडगाव, फैजपूर आणि धारवाड असे पायाखाली गेले. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होण्यास १८८९ साल उजाडले. आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने ते निधन पावले. वय चाळिशीच्या आतले, कविता सुमारे १३५, आणि हयातीत एकही संग्रह नाही. हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ पत्रातून आणि जळगावच्या ‘काव्यरत्नावली’ या मासिकातून त्यांच्या रचना येत असत, पण त्यांचे पुस्तक आपट्यांनीच मृत्यूनंतर, १९१७ साली, काढले. कौतुकाचा पूर आला तो त्यापुढच्या काळात, म्हणजे ते घेण्यास कवी उरला नसताना.

या कौतुकाची ठेवण पाहण्यासारखी आहे. केशवसुतांचे विचार क्रांतिकारक, परंतु शब्दकळा खडबडीत. प्रतिभा झेपावणारी, परंतु इंग्रजी कवींच्या वाचनावर पोसलेली. तो थोर, परंतु आणखी जगता तर अधिक थोर झाला असता, अशा जोडवाक्यांतून मराठी समीक्षेने त्यांचा गौरव दीर्घकाळ केला. यांतील प्रत्येक वाक्याचा पूर्वार्ध शाल आहे, आणि उत्तरार्ध सर्वस्वी खोटा नाही, हीच अडचण. केशवसुतांनी इंग्रजी कवितांची भाषांतरे केली होती. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) ही चौदा ओळींची रचना इंग्रजी सॉनेटचा घाट मराठीत प्रथम आणणारी ठरली, आणि त्या घाटाला त्यांनी ‘चतुर्दशक’ असे साधे, मोजमापाचे नाव दिले. ‘सुनीत’ हे गोड नाव पुढच्यांनी रूढ केले. मात्र ज्याने ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ आणि ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ हे विषय १८८८-८९ या काळात कवितेत आणले, त्याने ते पंडिती शब्दांच्या झुळझुळीत आणले असते तर विषयाचे काय झाले असते, हा प्रश्न खडबडीतपणाची तक्रार करणाऱ्यांनी क्वचितच विचारला. शब्दांचा खडबडीतपणा हा तेथे दोष कमी आणि कामाची गरज अधिक होता.

त्यांना मिळालेले सर्वांत मोठे बिरुद ‘आधुनिक मराठी कवितेचे जनक’ हे होय. वरवर पाहता यात उणे काढण्याजोगे काही नाही. परंतु जनक म्हटले की माणूस आरंभाशी नेऊन बसवला जातो, त्याच्या नावे वंश वाढतो आणि वाचन वंशजांचे होते. पाठ्यपुस्तकातील ‘तुतारी’ (१८९३) पाठ करून वाचक पुढे निघून जातो, आणि ‘झपूर्झा’ किंवा ‘हरपले श्रेय’ यांतील अवघड, अंतर्मुख कवी प्रवर्तकाच्या पुतळ्यामागे झाकला जातो. राम गणेश गडकरी, म्हणजे कवी गोविंदाग्रज, स्वतःला केशवसुतांचे चेले म्हणवीत, यात निखळ भक्ती होती. तथापि ज्याचा चेला इतका लोकप्रिय होतो त्या गुरूकडे लोक चेल्याच्या चष्म्यातून पाहू लागतात. त्याच गडकऱ्यांना लोकांनी ‘महाराष्ट्राचे शेक्सपिअर’ ठरवले. परदेशी मापाने मोजून दिलेला असा मान त्या काळात सर्रास दिला-घेतला जात असे आणि त्यात अप्रत्यक्षपणे ‘मूळ’ दुसरीकडे असल्याची कबुली असते, हे देणाऱ्यांच्या ध्यानी येत नसे.

जिवंतपणी बिरुद घेणाऱ्याचे उदाहरण त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे आहे. १९०७ साली जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी कविता म्हटली आणि प्रसन्न झालेल्या अध्यक्षांनी त्यांस ‘बालकवी’ ही पदवी दिली. वडीलधाऱ्याने लहानग्याच्या पाठीवर दिलेली ती थाप होती; हेतूत काडीचाही कुत्सितपणा नव्हता. पण थाप ओसरते, पदवी ओसरत नाही. वाढत्या वयाच्या, मनाने उत्तरोत्तर उदास होत गेलेल्या कवीला तीच पदवी अखेरपर्यंत वागवावी लागली आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून मृत्यू आला तेव्हाही मराठी जगाच्या लेखी ते बालच होते. ठोमऱ्यांनी ही पदवी नाकारली नाही. त्याच नावाने त्यांनी ‘औदुंबर’सारखी कविता लिहिली, जिच्यात बाल्य शोधूनही सापडत नाही, आणि हे उत्तर कोणत्याही खुलाशापेक्षा अधिक टिकाऊ ठरले.

केशवसुतांच्या वाट्याला आलेला शालजोडीचा उलटा प्रकार, म्हणजे वरून टवाळी आणि आतून मान, प्र. के. अत्रे यांच्या हातून घडला. अत्र्यांच्या वडिलांचे नावही केशव, म्हणून ‘केशवकुमार’ हे टोपणनाव त्यांना न्याय्यपणे घेता आले. पण ते ‘केशवसुत’ या नावाचे शब्दशः प्रतिरूप आहे हे वाचकाला लगेच उमजत असे. रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या भरभराटीच्या काळातील त्यांच्या ‘झेंडूची फुले’ या संग्रहात केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ या कवितेचे त्याच शीर्षकाचे विडंबन आहे. मूळ कवितेत कवीच्या सामर्थ्याचा जो उद्घोष आहे, त्याच घाटात अत्र्यांनी उसनवारी करणाऱ्या, एकमेकांची पाठ थोपटणाऱ्या समकालीन कवींना बसवले. विडंबनाला मूळ कविता वाचकाच्या जिभेवर असावी लागते, आणि ‘आम्ही कोण?’ तशी होती, याचा त्याहून चांगला पुरावा नाही. फटका समकालीनांना बसला. मूळ कवितेच्या अंगावर मात्र शालच राहिली.

मालगुंडने आपल्या कवीचे कौतुक उशिरा आणि वेगळ्या तऱ्हेने केले. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने केशवसुतांचे जन्मघर जतन करून तेथे स्मारक उभारले आणि १९९४ साली कवी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कुसुमाग्रजांनी या स्थळास मराठी कवितेची राजधानी म्हटल्याचे तेव्हापासून आवर्जून सांगितले जाते. नारळी-पोफळीच्या छोट्या गावाला, जेथे बहुतेक प्रवासी गणपतीपुळ्याच्या दर्शनाला आलेच आहोत तर डोकावू म्हणून वळतात, राजधानी म्हणणे हे एखाद्या अंतू बर्व्याच्या तोंडी पक्का टोमणाच ठरले असते. मालगुंडकरांनी मात्र ते बोलणे जसेच्या तसे, अक्षरशः घेतले. कौलारू घराशेजारच्या दालनात आधुनिक मराठी कवींची छायाचित्रे आणि कविता मांडल्या गेल्या, ग्रंथालय आले, कवितावाचनाचे कार्यक्रम होऊ लागले. ‘जनक’ या बिरुदाने ज्या वंशजांआड केशवसुत झाकले गेले होते, ते सगळे वंशज आता त्यांच्याच अंगणात पाहुणे म्हणून भिंतीवर आले.