तळटीप १७ : अ‍ॅसिड हाउस

१७. बारामतीहून इंदापूरकडे निघालेल्या वऱ्हाडाच्या गाडीत निमगाव केतकीपर्यंत वाजत राहिलेल्या ज्या यंत्रसंगीताचा लेखकाने येथे उल्लेख केला आहे, ते शिकागो शहरी ‘फ्यूचर’ या त्रिकुटाच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ (१९८७) या ध्वनिमुद्रिकेने नावारूपास आले, आणि त्याच वर्षी लंडनच्या एका व्यायामशाळेत सुरू झालेल्या ‘शूम’सारख्या नृत्यगृहांतून व पुढे रात्र-रात्र चालणाऱ्या ‘रेव्ह’ मेळ्यांतून इतके फैलावले की, १९९४ साली त्यांच्या बंदोबस्तासाठी ब्रिटिश सरकारला कायदा जारी करावा लागला. या संगीताचा प्राण म्हणजे रोलँड या जपानी कंपनीचे टीबी-३०३ हे लहानसे यंत्र. एकट्या गिटारवादकास खर्जाची साथ मिळावी म्हणून निर्मिलेले, परंतु बाजारात न खपल्यामुळे जुन्या मालाच्या भावाने तरुणांच्या हाती पडलेले. स्वरमालिका चालू असतानाच त्यावरील बटणे फिरवली असता तोच खर्ज चिरकत, कण्हत वर चढतो. मात्र याच यंत्राच्या साहाय्याने, मुंबईच्या चित्रपटसंगीतातील निष्णात वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ललत, तोडी, मालकंस आदी दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली होती, हे आपल्या वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची यंत्रातील सोय त्यांनी मींड घेण्याच्या कामी लावली, ही कल्पकता असामान्यच होय. त्या वेळी उपेक्षिलेली ही तबकडी २०१० साली पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि २०१५ मध्ये निधन होण्यापूर्वी सिंग यांना परदेशी रसिकांची दाद लाभली.