वाट कोणी द्यावी?

समुद्रावर रस्ते आखलेले नसतात. तरीही कोणी कोणाला वाट द्यावी, याचे तेथील नियम मोठे काटेकोर आहेत. शिडाचे जहाज आणि यंत्रावर चालणारे जहाज एकमेकांच्या वाटेत आले, तर यंत्राच्या जहाजाने बाजूला व्हावे, हा त्यांपैकी एक. नव्याने जुन्याचा राखलेला हा मान आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. जुन्या घराण्यांत वाढलेल्या आम्हांलाही ती समजूत गोड वाटे. परंतु नियमाचा इतिहास पाहिला की ती टिकत नाही.

वाफेचे यंत्र येण्यापूर्वी मोठी जहाजे वाऱ्याचीच आश्रित होती. वारा पाठीशी असलेल्या जहाजाला बऱ्याच मोकळेपणाने वळता येई. वाऱ्याच्या रोखाने जाऊ पाहणाऱ्या जहाजाला मात्र तिरके तिरके, नागमोडी पुढे सरकावे लागे. जरा वाट सोडली की कष्टाने मिळवलेले अंतर वाया जाई. म्हणून अनुकूल वाऱ्याच्या जहाजाने प्रतिकूल वाऱ्याशी झगडणाऱ्याला वाट द्यावी, असा दर्यावर्दींचा रिवाज पडला. घाट उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीसाठी थांबावे, त्यातलाच हा प्रकार.

पुढे आगबोटी आल्या. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ १८३० च्या मार्चमध्ये सुएझकडे निघाली, तेव्हा वाऱ्याची मर्जी न सांभाळणारे जहाज आपल्या किनाऱ्यानेही पाहिले. आता या नव्या पाहुणीला कोणत्या पंक्तीला बसवायचे? इंग्लंडातील दीपगृहे आणि वाटाडे यांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘ट्रिनिटी हाऊस’ या जुन्या संस्थेने १८४० मध्ये उत्तर दिले. आगबोट म्हणजे सदैव अनुकूल वारा लाभलेले जहाज समजावे. सबब वाऱ्याशी झगडणाऱ्या शिडाच्या जहाजाला तिने वाट द्यावी. नवा कायदा न रचता जुन्याच रिवाजाचा अर्थ तेवढा वाढवला गेला. आम्हांला यातले शहाणपण विलक्षण वाटते. वाट मागितली गेली ती वयाच्या नावाने नव्हे, तर सामर्थ्याच्या हिशेबाने.

१८६३ मध्ये ब्रिटनने फ्रान्सच्या विचाराने नियमावली केली आणि वर्षा-दीड वर्षात तीसहून अधिक राष्ट्रांनी ती स्वीकारली. १८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेत तिची पुन्हा छाननी झाली. आज चालू असलेले आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे असून १५ जुलै १९७७ पासून ते अमलात आहेत.

पण नियम आपल्या बाजूचा असला म्हणजे जहाज तरतेच असे नाही. जर्मनीचे ‘प्रॉइसेन’ हे पाच डोलकाठ्यांचे प्रचंड जहाज नोव्हेंबर १९१० मध्ये हॅम्बुर्गहून चिलीकडे निघाले होते. इंग्लिश खाडीत रात्रीच्या वेळी ‘ब्रायटन’ ही आगबोट त्याच्या पुढून आडवी गेली. शिडाचे जहाज इतक्या वेगाने येत असेल, हे तिच्या कप्तानाच्या ध्यानात आले नाही. टक्कर झाली, प्रॉइसेनची पुढची डोलकाठी व शिडे निकामी झाली. पुढे वादळ उठले, नांगरांचे साखळदंड तुटले आणि डोव्हरजवळच्या खडकांवर ते जहाज कायमचे रुतले. दोष ब्रायटनच्या कप्तानाचा ठरला. निकाल बाजूने लागला, जहाज गेले ते गेलेच.

आजचे नियम वाचताना म्हणूनच एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यांत शिडाच्या जहाजाला ‘हक्क’ असा कोठेच दिलेला नाही. दोघांनाही कर्तव्येच वाटून दिली आहेत. एकाने दूर व्हायचे, तर दुसऱ्याने आपली दिशा आणि वेग कायम राखायचा, म्हणजे पहिल्याला अंदाज बांधता येतो. मात्र केवळ समोरच्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही असे दिसताच, वाट राखणाऱ्यानेही हात हलवलाच पाहिजे. शिवाय शिडाची होडी मागून येऊन यंत्राच्या जहाजाला ओलांडत असेल, तर दूर राहण्याची जबाबदारी होडीची. मासेमारीत गुंतलेल्या जहाजाला तिने वाट द्यावी. अरुंद खाडीत, जेथे मोठ्या जहाजाला खोल पाण्याखेरीज गती नाही, तेथे तिने आडवे येऊ नये. आणि शिडे उभारलेली असूनही यंत्र चालू केले, तर ती यंत्राचीच बोट. टोक खाली केलेला काळा शंकू दिवसा लावून तिने तसे जाहीर करायचे.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून आम्ही आपला जुनेपणा जपला, त्याचा मानही मागितला. समुद्राचा हिशेब निराळा आहे. तेथे कोण आधी आला हे कोणी विचारत नाही. वळणे कोणाला सोपे आहे, एवढेच विचारतात. ज्याला सोपे, त्याने आधी वळावे.