धुऊन निघतं ते वरचं

परवा सकाळी आईला फोन केला तर म्हणाली, "थांब जरा, द्राक्षं भिजत घातलीयेत." आधी मिठाच्या पाण्यात, मग हळदीच्या, मग साध्या. मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर कृती पाठवली होती म्हणे. वरची पांढरट भुकटी जाईपर्यंत चोळायचं! म्हटलं, "अगं, ते औषध नाही, द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे ते." तिला काही पटलं नाही. मग मीच वाचत बसले, आणि फळं धुण्याच्या या खटाटोपाला शंभर वर्षांचा इतिहास आहे हे कळलं.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये झाडं खाणाऱ्या अळ्यांसाठी लेड आर्सेनेट वापरायला सुरुवात झाली. शिसं आणि आर्सेनिक, दोन्ही विषं एकत्र! सफरचंद पोखरणाऱ्या अळीवर ते इतकं लागू पडलं की वॉशिंग्टन राज्यातल्या बागांत एका हंगामात अनेकदा फवारलं जाऊ लागलं. अळी दाद देईना तशा फवारण्या वाढत गेल्या.

तिकडे इंग्लंडचे हात आधीच पोळले होते. १९०० साली मँचेस्टरच्या भागात बिअरमध्ये आर्सेनिक उतरून हजारो लोक आजारी पडले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १९०३ मध्ये खाण्यापिण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा सुचवली, आजच्या मापात किलोमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम. १९२५ च्या अखेरीस अमेरिकन सफरचंदांवर त्याहून जास्त आर्सेनिक सापडलं आणि एकच गहजब झाला. बाजारपेठ हातची जायची वेळ आली तेव्हा कुठे पॅकिंग हाऊसमध्ये सफरचंदं धुवायची यंत्रं आली. नुसत्या पाण्याने विष सुटेना, म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची आंघोळ! गंमत म्हणजे साहेबाच्या ताटात जाणाऱ्या फळाला कडक नियम, आणि घरच्या गिऱ्हाइकाला मात्र काही वर्षं ढिला.

मेणाचं प्रकरण धुण्याच्या मागोमाग येतं. सफरचंदाला जन्मतःच मेणाचा पातळ थर असतो. पॅकिंग हाऊसमध्ये घासून धुताना तो बराच निघून जातो, मग फळ लवकर सुकतं. म्हणून वरून पुन्हा मेण! कधी ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाचं कार्नोबा, तर कधी शेलॅक, म्हणजे आपली लाखच, पलाश-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांनी केलेली. ही मेणं खाण्यात चालतात. फक्त धुण्याआधी मेण चढलं, तर खाली राहिलेलं औषध तिथंच अडकतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं आणि लेड आर्सेनेट मागे पडलं. वॉशिंग्टनमधल्या जुन्या बागांच्या मातीत ते शिसं-आर्सेनिक अजून आहे. सफरचंद धुता आलं, जमीन कशी धुणार?

हे वाचताना मला नाशिक-सांगलीची द्राक्षं आठवत होती. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुन्यांची तपासणी, 'ग्रेपनेट' अशी चांगली व्यवस्था उभी राहिली. तरी २०१० मध्ये युरोपात पुन्हा माल अडकला. या वेळी क्लोरमेक्वाट, म्हणजे शेतकऱ्यांचं 'सीसीसी'. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला ते मारत. तपासायच्या यादीत ते नव्हतंच. बरं, ते वेलीतच मुरतं. ते घड तुम्ही हळदीत घाला नाहीतर गंगेत.

२०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सफरचंदांवर प्रयोग केला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे साधारण दोन चमचे, आणि त्यात १२ ते १५ मिनिटं फळ. ज्या दोन औषधांवर प्रयोग केला त्यांचा वरचा थर पूर्ण निघाला. पण एकाचा जवळजवळ २० टक्के भाग तोवर सालीतून आत गेला होता, दुसऱ्याचा ४ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे धुवावं, जरूर धुवावं. पण बेसिनपाशी आपण पोचतो ते गोष्टीच्या शेवटी. काय फवारलं आणि तोडणीआधी किती दिवस थांबले, हे बागेतच ठरून गेलेलं असतं. आणि शंभर वर्षांत दोन्ही वेळा ते विचारायला समुद्रापलीकडचं गिऱ्हाईक यावं लागलं. मंडईत आपण भाव विचारतो, गोडी विचारतो. हे कधी विचारलंय?

असो. आईला सगळं सांगितलं. सोडा तिला पटला, भुकटीचं अजून नाही. "आत गेलेलं माझ्या हातात नाही," म्हणाली, "वरचं तरी काढते." आणि द्राक्षं निथळायला ठेवायला गेली.